मुलगा कितवीत आहे?

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी फक्त 'गेमिंग' एवढाच शब्द उच्चारला होता. काउंटरमागच्या पोराने मान वर न करता विचारलं, "बेटा कौनसी क्लास में है, सर?"

मला मुलगा नाही. मुलगीही नाही. वय ४४, पुढचे केस विरळ, आणि आयुष्यातला पहिला गेमिंग कॉम्प्युटर मला माझ्यासाठी हवा होता. हे वाक्य मी ग्रँट रोड स्टेशनच्या पुलावर दोनदा मनात घोकलंही होतं. पण दुकानात सात माणसं उभी होती. मी म्हणालो, "दसवी."

पुढे जे झालं त्याला मीच जबाबदार आहे. तरी राग जात नाही.

माझ्या शेजारी एक काका उभे होते. प्रिंटरची शाई भरून घ्यायला आलेले. कापडी पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काट्रिज, आणि शाई भरणारा माणूस जेवायला गेलेला. म्हणजे काकांकडे वेळच वेळ. 'दसवी' ऐकल्याबरोबर ते अख्खे माझ्याकडे वळले.

"दहावीला गेम? बोर्डाची परीक्षा तोंडावर आली ना?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि यादी काउंटरवर ठेवली. तीन महिने खपून केलेली यादी. पोराने ती बघितलीसुद्धा नाही. "सर, आय सेव्हन ले लो. रेडी पीस है. चार जीबी ग्राफिक्स, ऊपर से लाइटिंगवाला कॅबिनेट. बच्चा खूश हो जाएगा."

हा 'रेडी पीस' ओळखून ठेवा, कारण तो गल्लीगल्लीत विकला जातो. आत इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय सेव्हन असतो, २०११ सालचा, चार कोअरचा. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. 'चार जीबी ग्राफिक्स' म्हणजे बहुधा जीटी ७३०, २०१४ चं कार्ड. ते तेव्हाही गेमसाठी नव्हतं, पडद्यावर चित्र यावं एवढ्यासाठी होतं. लाइटिंग मात्र नवीन असतं.

"आय सेव्हन म्हणतोय तो," काका म्हणाले. माझी यादी आता त्यांच्या हातात होती. "तुम्ही इथं पाच लिहिलंय. रायझन पाच. सात मोठं ना पाचापेक्षा?"

"काका, तो सात २०११ चा आहे."

"मग काय झालं? आमची स्कूटर ८९ ची आहे."

यावर काय बोलणार? माझ्या यादीतला एएमडीचा रायझन ५ ७६०० हा सहा कोअरचा, अलीकडचा, एएम-५ सॉकेटवाला (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा). पुढे प्रोसेसर बदलायचा झाला तर मदरबोर्ड फेकावा लागू नये म्हणून निवडलेला. सोबत कूलर फुकट येतो (नावापुढे 'एक्स' लागला की कूलर वेगळा घ्यावा लागतो). आणि मुख्य गोष्ट, मोठ्या रेझोल्यूशनला प्रोसेसरवर जास्त पैसे ओतण्यात अर्थच नसतो. साध्या फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. मला हवा होता तो १४४० चा, म्हणजे उभ्यात १४४० ठिपक्यांचा पडदा, त्यावर ३६,८६,४००. फोर-केवर ८२,९४,४००, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. एकेक ठिपका रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. शत्रू कुठून येणार, भिंत पडणार की नाही, हे प्रोसेसर ठरवतो. ते काम पडदा मोठा झाला म्हणून वाढत नाही. म्हणून बजेटचा सगळ्यात मोठा घास कार्डाला द्यायचा, प्रोसेसरला त्याच्या निम्म्याच्या आसपास. फोर-के मी सोडून दिलं. सव्वा लाखात मॉनिटरसकट फोर-के करायला गेलं की कार्ड धापा टाकतं आणि शेवटी आतलं चित्र १४४० वर काढून ते ताणून दाखवण्याची सोयच वापरावी लागते. मग सरळ १४४० चाच पडदा का नको?

हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं, तोवर काका पुढच्या ओळीवर गेले होते.

"एसएमपीएस, ६५० वॅट." मशीनला वीज पुरवणारा डबा तो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "आमचा मिक्सर ७५० चा आहे."

"हो, पण—"

"त्यात डोशाचं पीठ निघतं. ओल्या नारळाची चटणी निघते. यातून काय निघतं?"

हा प्रश्न मला अजून छळतो आहे.

काकांनी खिशातून पेन काढलं. "प्रोसेसर किती खातो?"

"जास्तीत जास्त ८८."

"कार्ड?"

"१६०."

माझ्या यादीच्या पाठीमागे त्यांनी रीतसर बेरीज मांडली. २४८. बोर्ड, पंखे, रॅम, एसएसडी मिळून आणखी ५०. "तीनशे झाले. मग साडेसहाशे कशाला?"

प्रश्न अगदी रास्त होता, हे मला तेव्हा कबूल करायचं नव्हतं. कार्डाचा वापर सरळ रेषेत चालत नाही. काही मिलिसेकंदांपुरता तो छापील आकड्याच्या बराच वर उसळतो, आणि एसएमपीएस तोकडा असला की भर लढाईत मशीन पटकन बंद. शिवाय निम्म्या भारावर एसएमपीएस थंड राहतो, त्याचा पंखा बोंबलत नाही, आणि दोन-तीन वर्षांनी मोठं कार्ड घातलं तरी तोच चालतो. एवढं ऐकून काकांनी मान हलवली. तेवढ्यात पोराने आपला हुकमी एक्का काढला. "सर, कॅबिनेट के साथ ४५० वाला फ्री है."

आणि त्याने तो फ्री वाला काउंटरवर ठेवला. एका बोटावर पेलेल इतका हलका. काकांनी चष्मा खाली घेतला, डबा फिरवला आणि स्टिकर वाचायला लागले. मग कळलं, काका वीजखात्यातून निवृत्त झालेले.

"हे बाराव्होल्टचं काय?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं की कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही बाराव्होल्टवर चालतात, तेव्हा बघायचा तो रकाना तेवढाच. तिथे जेवढे अँपियर, गुणिले १२. चांगल्या ६५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ५४ अँपियर असतात. काकांनी स्टिकरवर बोट ठेवलं. १६.

"सोळा बारे एकशे ब्याण्णव," काका सावकाश म्हणाले आणि पोराकडे बघितलं. "अरे, हा तर १९२ चा आहे. साडेचारशे कुठून आणलेस?"

"काका, कंपनी लिखती है."

"आमचा मिक्सर तरी खरं बोलतो रे."

त्या क्षणी मला काकांच्या पायाला हात लावावासा वाटला. पुढच्याच ओळीला ते पुन्हा माझ्यावर उलटले.

"ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी. दहावीच्या पोराला १६?"

"सर, आठवाला ले लो," पोरगा लगेच म्हणाला. "सेम कार्ड है. नाम देखो, सेम टू सेम."

आणि इथे माझं डोकं खरंच फिरतं. त्यात त्या पोराचा दोषही नाही. नाव खरोखरच तेच असतं! रेडियन आरएक्स ९०६० एक्सटी ८ जीबीतही येतं, १६ जीबीतही. आरटीएक्स ५०६० टीआयचंही तसंच. दोन्ही २०२५ ची. खोक्यावर तेच नाव, तोच ड्रॅगनछाप थाट, आणि कोपऱ्यात नखाएवढा आकडा. पहिल्यांदा विकत घेणाऱ्याने नाव वाचून किंमत बघितली की तो हमखास आठवालं उचलतो आणि आपण स्वस्तात गंगेत घोडं न्हालं म्हणून घरी जातो. १४४० वर, नव्या गेममध्ये चित्रांची प्रत वर चढवली की ८ जीबी भरून जातात. ओट्यावर जागा नसली की प्रत्येक डब्यासाठी माळ्यावर चढावं लागतं ना, तसं कार्डाला मग मदरबोर्डवरच्या रॅममधून सामान आणावं लागतं, आणि ती वाट कार्डाच्या स्वतःच्या मेमरीपेक्षा फारच अरुंद. चित्र अडखळतं, भिंतींचा शेणानं सारवल्यासारखा लगदा दिसतो. सरासरी फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, बऱ्या दिसतात म्हणून माणूस चाचणीच्या आकड्यांनाही फसतो. या दोन कार्डांना दोन नावं देता आली नसती का? आली असती. मुद्दाम दिली नाहीत.

हे सगळं मी तिथे बोललो नाही. मी बोललो ते असं: "खरं तर बारावी झालीय त्याची."

"आत्ता तर दहावी म्हणालात," काका.

"तो धाकटा. हे मोठ्याला."

"मोठा काय करतो?"

"आर्किटेक्चर."

काकांचा चेहरा उजळला. "मग असं सांगा ना! माझ्या पुतणीच्या नवऱ्याचं तेच. थ्रीडी असतं त्यांचं सगळं." आणि ते पोराकडे वळले, आवाज वीजखात्याचा. "अरे, आर्किटेक्चरला लागतं ते. सोळावालाच दे. आठवर काय करणार तो, चाळीचा नकाशा?"

पोराने निमूटपणे सोळावालं काढलं. तीन महिन्यांचा अभ्यास, पिक्सेलचा हिशोब, सगळं फुकट; दोन अस्तित्वात नसलेली मुलं मात्र कामी आली. त्यातला थोरला तर मला आवडायलाही लागला होता.

रॅमच्या ओळीला दुकानात एकदम शोकसभेसारखी शांतता पसरली. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव सराफासारखे झाले. "रेट शाम तक का है, सर," पोरगा म्हणाला, आणि यावेळी तो खरं बोलत होता. ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात तर पुढे आणखी दोन घालून चार केल्या की एएम-५ वर रॅमचा वेग उतरतो. १६ ची एकच घ्यावी तर आज एका चॅनेलवर लंगडत चालवायचं. शेवटी १६ च्या दोन घेतल्या, ६००० वेगाच्या, आणि सव्वा लाखाची ऐपत तिथेच १ लाख ३८ हजारांवर गेली. पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या, आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन एक्स्पो चालू करायचं, तेव्हा रॅम छापील वेगाने चालते. नाहीतर ६००० चे पैसे देऊन ४८०० वर चालवणारे कितीतरी महाभाग आहेत, आणि त्यांना आयुष्यभर कळत नाही.

बाकीचं भराभर उरकलं. कॅबिनेट पुढून जाळीचं. पुढे अख्खी काच लावलेलं मत्स्यालय दिसतं छान, पण मुंबईच्या उन्हाळ्यात त्यात कार्ड शिजतं. एसएसडी १ टीबी, वेगवान एनव्हीएमई जातीची आहे ना ते खोक्यावर वाचून, कारण हळू चालणारी साटावालीही त्याच आकाराची मिळते. मॉनिटरला पोराने ३२ इंची फुल एचडी पुढे केला, आणि काकांचं "मोठा ना पण" लगेच आलं. ३२ इंचावर फुल एचडी ताणलं की इंचाला ६९ ठिपके, २७ इंची १४४० वर १०९. काकांना एवढंच म्हणालो की थोरल्याला बारीक रेघा दिसायला हव्यात. लगेच पटलं.

"बिल चाहिए?" शेवटचा प्रश्न. बिलाशिवाय स्वस्त, बिलासकट १८ टक्के. बिल घ्या. प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर त्यावर लिहून घ्या. कार्ड दोन वर्षांनी बसलं की सर्व्हिस सेंटरवाला बिल मागतो, आणि तोवर 'अपना भाई है' म्हणणारा भाई दुसऱ्या दुकानात गेलेला असतो. मी बिल मागितल्यावर पोराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या घरात येऊन डबे उघडून बघतोय. घरी येऊन वाचलं तेव्हा नावाच्या रकान्यात माझं नाव होतं, आणि खाली शेऱ्यात 'फॉर सन'.

रात्री सगळं जोडलं. घरातला जुना ६०० व्हीएचा यूपीएस बाजूला ठेवला. त्यावर ३६० वॅटच निघतात, मशीन आणि मॉनिटर मिळून काठावर जातात आणि तो ठणाणा करतो. टेबलामागच्या अंधारात चाचपडत केबल लावली. विंडोज झकास दिसलं, एकेक अक्षर कोरल्यासारखं. गेम चालू केला. नायकाने पाऊल उचललं आणि ते खाली टेकेपर्यंत मी पाण्याचा घोट घेऊन परत आलो.

सेटिंग खाली आणली, ड्रायव्हर पुन्हा घातला, रिफ्रेश रेट ६० वर होता तो वाढवला. ढिम्म. सकाळी ११ ला दुकान उघडल्याबरोबर फोन केला. पोराने पाच सेकंदही घेतले नाहीत.

"सर, केबल मदरबोर्ड में लगाया है. प्रोसेसर में छोटा ग्राफिक्स रहता है ना, उसपे चल रहा है. सोळावाला खाली बैठा है."

मला हे माहीत होतं. तीन महिने माहीत होतं. यादीच्या तळाशी मी ते लाल शाईत लिहिलंही होतं, त्याच कागदावर ज्याच्या पाठीमागे काकांनी बेरीज केली आणि जो काका पिशवीत घालून घेऊन गेले.

"ऊपरवाला निकालने का, नीचे आडवा स्लॉट है उसमें डालने का," तो सांगत होता. मग थांबला. "सर, आप ऐसा करो, बेटे को फोन दो. उसको समझेगा."

"वो क्लास को गया है," मी म्हणालो.

"ठीक है, आया तो बोलो."

"बोलता हूँ," असं म्हणून मी टेबलाखाली शिरलो.