पोहून आल्यावरची भूक खरीच असते: एका प्रतिक्रियेला उत्तर

पोहून आल्यावर भूक का लागते आणि अंग जड का होतं, यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही सविस्तरच देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कॅलरींचे तक्ते पाहिले तर आरामात पोहायला पळण्याहून कमी ऊर्जा लागते, तेव्हा पोहल्यावरची जास्तीची भूक हा मनाचा खेळ आहे. गार पाण्याचं कारण द्यावं, तर तुमचा तलाव गरम केलेला असतो. तुम्ही नियमित पळता, तरी पाण्यात चार लॅपमध्ये धाप लागते ती निव्वळ सवय नाही म्हणून, त्यावर शास्त्राची झूल कशाला? आणि शेवटी, तुमची नऊ वर्षांची मुलगी पोहण्याच्या क्लासहून आली की लगेच खायला मागते, पण पोहणारे जास्त खातात आणि त्यांचं वजन वाढतं असं वाचल्यामुळे तुम्ही तिला तासभर थांबवता.

हे उत्तर मी मुख्यतः त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहितेय. पण बाकीचे मुद्दे सोडून तिथे पोहोचता येणार नाही.

तक्त्याबद्दल तुमचं बरोबर आहे. आरामात पोहताना शरीर स्वस्थ बसल्याच्या साधारण सहापट ऊर्जा खर्च करतं, हळू जॉगिंग करताना सातपट. फरक थोडाच, आणि तोही पळण्याच्या बाजूने. पण व्यायाम संपल्यावर लगेच लागणारी भूक हा हिशेब करून लागत नाही. त्या पहिल्या तास-दोन तासांत शरीराचं तापमान काय आहे, रक्त कुठे वळलंय, आतड्यातून आणि जठरातून कोणते संदेश निघताहेत यावर ती ठरते. जोरात पळून आलेल्या माणसाला ताटाकडे बघवत नाही, हे तुम्ही स्वतः अनुभवलं असेलच. त्याचं अंग तापलेलं असतं, रक्त त्वचेकडे आणि स्नायूंकडे धावत असतं, आणि भूक जागवणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकाचं सक्रिय रूप रक्तात घटलेलं असतं. म्हणजे ऊर्जा भरपूर खर्च झालेली असूनही भूक मेलेली असते. खर्च आणि भूक यांची जोडी तिथेच सुटते. पाण्यात ती दुसऱ्या दिशेने सुटते, इतकंच.

आता तुमच्या गरम तलावाकडे येते. हा प्रश्न मला फार आवडला, कारण सगळं त्यातच अडकलेलं आहे. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून २८ अंशांच्या हवेत उघड्या अंगाने बसलं तर बरं वाटतं, आणि २८ अंशांच्या पाण्यात नुसतं उभं राहिलं तर थोड्या वेळाने शहारे येतात. स्वस्थ उभ्या माणसाची उष्णता घटूही नये आणि वाढूही नये असं पाणी साधारण ३३ ते ३५ अंशांचं असावं लागतं. स्पर्धेच्या तलावांसाठी तापमानाची मर्यादा २५ ते २८ अंश आहे. गरम केलेले म्हणवणारे पुष्कळसे तलावही ३३ अंशांच्या बरेच खाली असतात. हात बुडवला की पाणी कोमट लागतं, पण तासभर त्यात काढणाऱ्या शरीराला ते गारच असतं. स्नायूंच्या कामातून उष्णता तयार होते, पण पाणी ती लागलीच काढून घेतं, त्यामुळे पळताना जसं अंग तापून भूक दबते तसं पाण्यात तितकं होत नाही.

हा केवळ तर्क नाही. २००५ साली फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ११ पुरुषांना पाण्यात बुडवलेली सायकल ४५ मिनिटं चालवायला लावली, एकदा ३३ अंशांच्या पाण्यात आणि एकदा २० अंशांच्या. आणखी एका दिवशी त्यांना नुसतं बसवलं. दोन्ही पाण्यांत ऊर्जेचा खर्च जवळजवळ सारखाच आला, गार पाण्यात ५०५ आणि कोमट पाण्यात ५१७ किलोकॅलरी. नंतर हवं तितकं खायची मुभा दिली. गार पाण्यानंतर त्यांनी सरासरी ८७७ किलोकॅलरी खाल्ल्या, कोमट पाण्यानंतर ६०८, आणि बसून राहिलेल्या दिवशी ६१८. म्हणजे पाणी खरोखर त्वचेइतकं उबदार असेल, तर जास्तीची भूक दिसलीच नाही. तुमचा तलाव गरम असूनही भूक लागते यावरून तापमानाचं कारण खोटं ठरत नाही. आधी त्या पाण्यात थर्मामीटर घालून बघायला हवा.

अशा प्रयोगांवरून ‘पोहून वजन वाढतं’ असा निष्कर्ष काढला जातो. आकडे मात्र तसं सांगत नाहीत. गार पाण्यात व्यायाम केलेल्यांनी बसून राहिलेल्या दिवसापेक्षा साधारण २६० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या, पण व्यायामात ५०५ खर्च केल्या. पाऊण तास नुसतं बसण्याचा खर्च त्यातून वजा केला, तरी खर्चाचं पारडंच जड राहतं. शिवाय हे एका वेळच्या खाण्याचं मोजमाप होतं आणि ती सायकल होती, पोहणं नव्हे. प्रत्यक्ष पोहण्यावरचे प्रयोग एका सुरात बोलत नाहीत. २०११ च्या एका अभ्यासात १४ तरुण पुरुष तासभर पोहले. पोहताना भूक दबली, नंतर वाढली, पण त्यांनी न पोहलेल्या दिवसापेक्षा जास्त खाल्लं नाही. २०२० च्या अभ्यासात ३२ स्त्री-पुरुषांनी पोहल्यानंतर विश्रांतीच्या दिवसापेक्षा जास्त खाल्लं, पण वाढ माफक होती. यातून ‘पोहणं जाड करतं’ असं कोणी म्हणत असेल, तर तो या लोकांच्या कष्टांवर अन्याय आहे.

दमण्याबद्दल. सवय नसते हे खरंच, पण सवय नसताना शरीरात नेमकं काय होतं, हे तर विचारू! पाणी हवेच्या जवळजवळ ८०० पट दाट आहे. त्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तो मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या (वेग × वेग × वेग) प्रमाणात. वेग १० टक्क्यांनी वाढवायचा तर सुमारे ३३ टक्के जास्त शक्ती लावावी लागते. पळताना जमीन पायाखाली ठाम असते. पाणी हाताखालून निसटतं, आणि लावलेल्या जोरातला मोठा भाग पाणी मागे ढकलण्यात जातो. नवशिक्याचे पाय खाली जातात, शरीर तिरकं होतं, आणि विरोध आणखी वाढतो. त्यात काम मुख्यतः हातांचं आणि खांद्यांचं. तुमच्या पळण्याने पाय आणि हृदय तयार झालंय, पण खांद्यांचे लहान स्नायू त्याच कामाला लवकर थकतात आणि साठवलेलं ग्लायकोजन, म्हणजे स्नायूंतला साखरेचा साठा, भराभर वापरतात.

आणि धाप. मानेपर्यंत पाण्यात गेलं की पाण्याचा दाब छातीवर येतो, पायांतलं नि पोटातलं रक्त छातीकडे सरकतं, आणि श्वास घेण्याचं कामच सुमारे ६० टक्क्यांनी वाढतं. पळताना हवा हवी तेव्हा घेता येते, फ्रीस्टाइलमध्ये मात्र मान वळेल तेव्हाच. घाबरलेला नवशिका तोंड पाण्यात असताना श्वास सोडत नाही, कोंडून धरतो. मग डोकं वर आल्यावर एवढ्याशा क्षणात सोडायचा आणि घ्यायचाही, आणि दोन्ही अर्धवट राहतात. कार्बन डायऑक्साइड साठत जातो, आणि जीव गुदमरल्याची भावना मुख्यतः त्यातून येते. तुमचं हृदय उत्तम असेल, तरीही हे होईल. तोंड पाण्यात असताना बुडबुडे काढत सावकाश श्वास सोडायला शिका, वेग निम्मा करा, आणि मग लॅप मोजा. फरक तुम्हाला जाणवेल असं मला अगदी मनापासून वाटतं.

बाहेर आल्यावरचा जडपणा वेगळा. छातीत जास्त रक्त जमलेलं पाहून शरीर समजतं की पाणी जास्त झालंय, आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकू लागतात. पोहून आल्यावर लघवीला का होते, याचं उत्तर हे. घामही येतो, फक्त दिसत नाही. मग तुम्ही शिडी चढून वर येता, बाहेरचा दाब एकदम सुटतो, रक्त पायांकडे उतरतं, आणि ते आधीच थोडं कमी झालेलं असतं. हातापायांतलं गार झालेलं रक्त आत परतत असल्यामुळे शरीराचं आतलं तापमान बाहेर आल्यावरही काही वेळ उतरू शकतं. गरम पाण्याने अंघोळ केली की त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडतात, आणि आतलं तापमान उतरत असताना हातपाय उबदार होणं ही झोप येण्याचीच घडण आहे. दुपारच्या पोहण्यानंतर डोळे मिटायला लागतात त्यात आळस कुठेच नाही.

क्लोरीनबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंत. बंदिस्त तलावावरच्या हवेने डोळे आणि घसा चुरचुरतो, दम्याच्या रुग्णाला त्रासही होतो. भुकेचं कारण म्हणून मात्र मी त्याला धरणार नाही.

आता तुमची मुलगी. लहान मुलांच्या वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा मोठा असतो आणि त्वचेखालची चरबी बहुधा पातळ, म्हणून त्याच पाण्यात मोठ्यांपेक्षा त्यांची उष्णता लवकर जाते. ग्लायकोजनचा साठाही लहान. त्यात ती वाढीच्या वयात आहे. प्रौढ माणसांच्या एका वेळच्या खाण्यावरून निघालेला, तोही चुकीचा वाचला गेलेला निष्कर्ष तिच्या ताटाला लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. नऊ वर्षांच्या मुलीला आपल्या भुकेची लाज वाटायला लागली, तर ते पुढे फार दूरवर जातं. तलावावरून बाहेर येताच तिला कोरडं करा, डोकंसुद्धा. कोरडे कपडे घाला, पाणी द्या आणि खायला द्या: फळ, दूध, अंडं, किंवा जेवणाची वेळ असेल तर सरळ जेवणच. थांबायचंच असेल तर अंग कोरडं होऊन ऊब येईपर्यंत थांबा, आणि तेही तिला सांगून. आणि पाण्यात असताना तिचे ओठ निळसर दिसले किंवा हुडहुडी थांबेना, तर क्लास संपायची वाट न बघता शिक्षकांना सांगून तिला बाहेर काढा.