मेण तेच आहे, हे कशावरून ठरले?

रोजच्या वस्तूंचे ज्ञान इंद्रियांशिवाय होत नाही, या माझ्या विधानावर आपण फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्तच्या मेणाचा दाखला देऊन आक्षेप घेतला आहे. मेणाचे सर्व इंद्रियगोचर गुण बदलले तरी मेण तेच राहते, म्हणून वस्तू बुद्धीलाच कळते आणि इंद्रियांची साक्ष बाद ठरते, असे आपले म्हणणे आहे. आक्षेप इतका नेमका मांडल्याबद्दल आपले आभार. तरीही आपला निष्कर्ष मला मान्य नाही.

१६४१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मेडिटेशन्स’ (चिंतने) या ग्रंथाच्या दुसऱ्या चिंतनात देकार्त पोळ्यातून नुकतेच काढलेले मेण हाती घेतो. त्याला मधाची थोडी चव आणि फुलांचा थोडा गंध आहे, ते घट्ट व थंड आहे, ठोकले तर आवाज करते. विस्तवाजवळ नेताच चव आणि गंध उडून जातात, रंग बदलतो, आकार मोडतो आणि ते इतके तापते की हात लावणे कठीण होते. ‘हे तेच मेण’ असा निर्णय यानंतर बुद्धी करते, हे मला पूर्ण मान्य आहे. पण तो ती कशाच्या आधारावर करते? मेण वितळत असताना आपण त्यावरून नजर हलवली नाही, याच आधारावर. एखाद्याला वितळण्यापूर्वी खोलीबाहेर पाठवा आणि नंतर बोलावून भांड्यातला पातळ द्रव दाखवा. हे मघाचेच मेण की कोणी आणून ओतलेले दुसरे, हे त्याला कितीही तर्कशुद्ध विचार करून सांगता येणार नाही. मेण ही विस्तार असलेली, लवचीक आणि बदलू शकणारी वस्तू आहे, एवढे बुद्धीला कळले तरी ते वर्णन जगातल्या सगळ्याच मेणाला लागू पडते. समोरच्या तुकड्याची ओळख त्यातून पटत नाही. शिवाय सहाव्या चिंतनात देकार्त स्वतःच शरीराला हितकर काय आणि अपायकारक काय हे सांगण्याचे काम इंद्रियांकडे सोपवतो, ही गोष्ट आपल्या प्रतिक्रियेत निसटली आहे.

आकार स्पर्शाने कळो वा दृष्टीने, बुद्धीच्या लेखी तो एकच असतो, हा आपला दुसरा मुद्दा. स्पर्शाने गोल आणि घन ओळखणाऱ्या जन्मांध माणसाला दृष्टी आली, तर हात न लावता त्याला ते ओळखता येतील का, हा आयरिश विद्वान विल्यम मॉलिन्यूचा प्रश्न इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉकने मानवी आकलनावरील आपल्या ‘एसे’ या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत छापला आणि त्याला नकारार्थी उत्तर दिले. मेंदूचे अभ्यासक पवन सिन्हा यांच्या, अंध मुलांवर उपचार करणाऱ्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये भारतातील ८ ते १७ वर्षांच्या ५ जन्मांध मुलांची दृष्टी देणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर लगेच अशी चाचणी घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन ठोकळ्यांतला फरक त्या मुलांना पाहून कळत होता. पण आधी चाचपलेला ठोकळा त्यांतला कोणता, हे ती जवळजवळ अंदाजानेच सांगत होती. पुढे काही दिवसांच्या पाहण्याने ते जमू लागले. बुद्धी तर त्यांच्यापाशी पहिल्या दिवशीही होती. मग स्पर्शाचा आकार आणि दृष्टीचा आकार तेव्हाच का जुळले नाहीत, याचे आपले उत्तर मला खरोखर वाचायचे आहे.