भात सोडून पोट उतरत नाही

‘सकाळी लिंबू-मध पाणी, भात बंद, रोज १०,००० पावलं. बैठ्या नोकरीवाल्याचं वजन महिन्यात उतरतं, आणि वजन उतरलं की ताणही जातो. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) २५च्या आत असेल तर चिंताच नको.’ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हा निरोप मला चार जणांनी पाठवला. त्यातल्या दोघी रात्रपाळी करतात. त्यांच्या काळजीने लिहिते आहे.

मधापासून सुरू करू. एक मोठा चमचा मध म्हणजे साठेक कॅलरी. चरबी त्याने वितळत नाही. तांदूळ आणि गव्हाचं पीठ सारख्याच वजनाचं घेतलं तर कॅलरीही जवळपास तेवढ्याच. मग भात टाकून दोन पोळ्या वाढवल्या तर काय साधलं? त्यापेक्षा ऑफिसातला चहा मोजा. पाच कप, प्रत्येकात दोन छोटे चमचे साखर, म्हणजे दिवसाला चाळीसेक ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास थांबा म्हणते.

१०,००० हा आकडा कुठल्या डॉक्टरने दिलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच ‘दहा हजार पावलं’ होतं. वयस्क अमेरिकन स्त्रियांच्या २०१९च्या अभ्यासात ७,५०० पावलांच्या पुढे मृत्यूचा धोका आणखी कमी झालेला दिसला नाही. चालणं उत्तमच. पण पाच हजारांवर अडकलेली माणसं ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून तेही सोडतात, याचं मला वाईट वाटतं.

बीएमआयचा मुद्दा सगळ्यात घातक. २००४ साली ‘द लान्सेट’मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१! बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांच्या पोटात चरबी लपलेली असते. म्हणूनच भारतीयांसाठी धोक्याची रेघ २३वर धरतात आणि कंबर मोजायला सांगतात: पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८०च्या आत.

आणि ताण? तिथे निरोपाने गाडं उलटं जुंपलंय. बऱ्याचदा ताण आणि तुटलेली झोपच वजन वाढवतात. शिकागोत १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन हे हार्मोन १८ टक्क्यांनी घटलं, भूक चाळवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, आणि ओढ लागली ती गोड नि खारट खाण्याची. पहाटे तीनला मशीनमधून वेफर्सचं पाकीट काढणारी मुलगी हावरट नसते, तिचं शरीर थकलेलं असतं.

त्या दोघींना मी कळवलंय: डब्यात भात न्या, कंबर मोजा, आणि पुढचं रोस्टर लागायच्या आत टीम लीडशी बोलून सलग सात तास झोपेचे मागून घ्या.