लकवा झालेल्या माणसाला काय येतं, हेही विचारा

‘लकवा झालेल्या रुग्णासाठी पाच सूचना’ असा एक मेसेज सध्या सोलापुरात ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. म्हणणं असं: तीन महिने पूर्ण विश्रांती द्या. आवडीनिवडी विचारणारी तपासणी म्हणजे पैसे उकळणं, खरी तपासणी काय येत नाही तेवढंच मोजते. जुन्या कामाचा विषय काढू नका. भजन-पत्ते म्हणजे नुसता वेळ घालवणं. आणि सगळं घरच्यांनी ठरवावं, रुग्णाला विचारू नये. आमच्या शेजारच्या काकूंनी तो वाचून काकांचं भजनाला जाणं बंद केलं, म्हणून हे लिहिते आहे.

विश्रांतीचं आधी उरकते. पहिल्या चोवीस तासांत जोराची हालचाल करायला लावू नये, एवढं त्यात खरं आहे. पण तीन महिने? नुसतं पडून राहिलं की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात गुठळ्या होऊ शकतात, खांदा आखडतो. हा सल्ला धोक्याचा आहे.

आता दुसरी सूचना, सगळ्यात संतापजनक. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीएफ हे वर्गीकरण २००१ मध्ये मंजूर झालं. माणूस काय करू शकतो आणि त्याच्या आड काय येतं, हे नोंदवायची ती जगभरची पद्धत आहे. त्यात ‘डी ९२०’ हा संकेतांक खास विरंगुळ्याचा: खेळ, कला, हस्तकला, छंद, गाठीभेटी. आणि भोवतालच्या ज्या गोष्टींची मदत होते त्यांच्यापुढे अधिकचं चिन्ह मांडायचं असतं. रिक्रिएशन थेरपीतली, म्हणजे छंद-विरंगुळ्यातून करायच्या उपचारातली, तपासणी याच अंगाने जाते: काय आवडायचं, कोणाबरोबर, कोणत्या वेळी, त्यातलं आज काय जमतं, कशाचा आधार मिळेल. आपल्याकडे हे बहुधा रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून सराव करून घेणारे ऑक्युपेशनल थेरपिस्टच विचारतात, तेही सवड असेल तर.

काका पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातले, घरची भाषा तेलुगू, उभी हयात पॉवरलूमवर गेली. पहिली तपासणी मराठीत झाली. कागदावर आलं: सूचना समजत नाहीत, शब्द आठवत नाहीत, उजवा हात निकामी. नंतर तपासायला आलेल्या थेरपिस्ट मुलीने तेलुगूत विचारलं आणि डाव्या हातात सुताचा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराची सुताची रीळ, दिला. काकांनी अंगठा आणि तर्जनीत धागा फिरवून पाहिला आणि पंजा दोनदा उघडून दाखवला. दहा नंबरचं सूत! (नंबर म्हणजे सुताची जाडी.) बोलता येत नव्हतं, पण समजत सगळं होतं. व्यायामही त्यावरूनच ठरला: डाव्या हाताने कोन धरायचा, उजव्याने सूत उलगडायचं. जो हात कागदावर निकामी होता, त्यालाच काम मिळालं. काय येत नाही एवढंच मोजणाऱ्याच्या हाती हे कधी लागलं असतं?

जुन्या कामाच्या आठवणीने काहींना त्रास होतो, मान्य. मग विषय टाळू नका, त्यांनाच विचारा.

भजनाबद्दल तर ऐकवत नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा होऊन बोलणं गेलेल्या कित्येकांना गाण्यातले शब्द मात्र येतात. स्पीच थेरपीत याचा मुद्दाम उपयोग करतात. काकांना ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण मार्कंडेय मंदिरातल्या भजनाची ओळ ते शेवटपर्यंत म्हणतात. आणि नेमकं तेच बंद!

एक मात्र कबूल करते. काही ठिकाणी ‘ॲक्टिव्हिटी’ म्हणून टीव्ही लावतात, सगळ्यांना एकच फुगा फेकायला देतात आणि त्याचं बिल करतात. त्यावर लोक चिडले तर बरोबरच आहे, कारण तिथे कोणी कोणाला काही विचारलेलंच नसतं. गिळताना ठसका लागतो का, तोल जातो का, हे तर आधी तपासायलाच हवं. त्याला कोणाची ना नाही.

राहिलं रुग्णाला न विचारणं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम २९ सांस्कृतिक जीवनात आणि करमणुकीत इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याच्या हक्काबद्दलच आहे. तो हक्क त्या माणसाचा आहे, घरच्यांचा नाही.

पुढच्या तपासणीला जाताना घरून एक कागद न्या: कोणती भाषा, कोणतं काम हातात बसलेलं, कोणाची संगत आवडते, दिवसाची कोणती वेळ बरी. फॉर्मवर त्याला जागा नसेल तर मागच्या बाजूला लिहायला लावा.