खोकल्याचा राग गोळीवर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिनाभर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘संधिवात हा फक्त हाडांचा आजार. त्यावर देतात ती मेथोट्रेक्सेट कॅन्सरची गोळी, तिने फुप्फुसं जळतात. खोकला आला की बंद करा. एक्स-रे नॉर्मल असेल तर फुप्फुस ठणठणीत.’ तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हे वाचून परस्पर गोळी सोडली. आता सकाळी चहाची गाळणीसुद्धा हातात धरवत नाही त्यांना.

‘फक्त हाडांचा’? म्हातारपणी गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा. ही गोळी आमवाताची, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसची. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर उलटते, आणि तेवढ्यावर थांबेलच असं नाही. साधारण दहातल्या एकाला फुप्फुसात व्रण (जखम भरल्यावर राहतात तसे कडक वण) होऊन त्रास होतो. कुणाला छातीत पाणी होतं, कुणाला गाठी. आमवात बायकांत जास्त, पण हे व्रण पुरुषांत आणि सिगारेट ओढणाऱ्यांत अधिक. क्वचित सांध्यांच्या आधी खोकलाच सुरू होतो. एलमन आणि बॉल या डॉक्टरांनी इंग्लंडमध्ये सांधे आणि फुप्फुसं दोन्ही बिघडलेले रुग्ण नोंदवले ते १९४८ साली. अमेरिकेत आमवातासाठी मेथोट्रेक्सेटला मंजुरी मिळाली १९८८ मध्ये. मग त्या रुग्णांची फुप्फुसं कोणत्या गोळीने जाळली?

‘कॅन्सरची गोळी’ खरंच आहे. पण कॅन्सरमध्ये काही वेळा ग्रॅममध्ये देतात, इथे ७.५ ते २५ मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर मात्र जिवावर बेतू शकतं. फॉरवर्डमध्ये याबद्दल अवाक्षर नाही.

फुप्फुसं जळण्याच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे. या गोळीने क्वचित फुप्फुसाला अचानक सूज येते, बहुधा पहिल्या वर्षात. नवा कोरडा खोकला, ताप, वाढती धाप अशी लक्षणं दिसली तर पुढचा डोस घेण्याआधी, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. पण वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारे व्रण हे बहुतांशी आजाराचंच काम.

राहिला एक्स-रे. सुरुवातीचे व्रण त्यात अनेकदा दिसत नाहीत. त्यासाठी एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन लागतो. त्याआधी कानालाही कळू शकतं: पाठीवर खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावला की बीपीच्या पट्ट्याची चिकटपट्टी उघडताना होते तशी चरचर ऐकू येते.

काकूंना विचारलं, डॉक्टरांनी पाठ तपासली का? ‘खोकल्याचं त्यांना बोललेच नाही,’ म्हणाल्या, ‘ते हातापायांचे डॉक्टर ना!’