दुखण्याची गोळी म्हणजे काही औषध नव्हे

गुडघा ठणकतोय? डॉक्टरकडे कशाला जाताय! फ्रिजवरचा श्रीखंडाचा रिकामा डबा काढा. त्यात कात्रीने कापलेला स्ट्रिपचा तुकडा असणारच. नावातलं नुसतं 'फेनॅक' उरलेलं असतं. एक्स्पायरीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर, आणि तो मावशींकडे. मावशींना गुण आला ना? मग झालं. गुडघे काय, सगळ्यांचे सारखेच.

बीपीची टेल्मिसार्टन चालू आहे, वर लघवीची गोळीही आहे? उत्तम! किडनीकडे रक्त नेणारी वाट प्रोस्टाग्लँडिन्स ही अंगातलीच रसायनं मोकळी ठेवतात, दुखण्याची गोळी त्यांनाच बंद पाडते. बीपीच्या गोळीने गाळणीतला दाब आधीच उतरवलेला, लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी काढलेलं. इंग्रजीत या त्रिकुटाला 'ट्रिपल व्हॅमी', म्हणजे तिहेरी दणका, म्हणतात. आपल्याकडे किडनीचा रिपोर्ट बिघडला की 'वयोमानाने क्रिएटिनिन वाढलंय' म्हणतात.

हृदयासाठी ७५ची अ‍ॅस्पिरिन घेता? मग रोज तिच्याआधी आयब्युप्रोफेन ही दुखण्याची गोळी घ्या. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटमधली अ‍ॅस्पिरिनची जागा ती आधीच अडवते, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तशी. अ‍ॅस्पिरिन येते, जागा नाही म्हणून उभी राहते आणि थोड्या वेळाने उतरून जाते. तुम्ही मात्र निर्धास्त, गोळी चुकवली नाही म्हणून.

रक्त पातळ करणारी वॉरफरिन असेल तर पोटातल्या रक्तस्रावाची सोय दुप्पट. शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर कालच्या काळ्या मसाल्यावर ढकला. दमेकऱ्यांनीही घाबरू नये, सगळ्यांनाच काही धाप लागत नाही. आणि पावसाळ्यात ताप भरला तर पॅरासिटॅमॉलसारख्या मिळमिळीत गोळीवर थांबू नका, दुखण्याचीच घ्या. डेंग्यू निघालाच तर प्लेटलेट आधीच उतरणीला लागलेल्या असतात, त्यांना मागून एक धक्का.

गिधाडांचं उदाहरण कोणी दिलं तर हसा. डायक्लोफेनॅक, म्हणजे दुखण्यावरचं तेच 'फेनॅक', दिलेली गुरं मेली, ती खाऊन गिधाडांच्या किडन्या गेल्या, म्हणून २००६ साली गुरांसाठी ते बंद झालं. पण गिधाडं कुठे जेवल्यावर घेत होती? आपण जेवल्यावर घेतो.

शेवटी डॉक्टर विचारतीलच, "आणखी काही औषधं चालू आहेत?" ठामपणे सांगा, "छे हो, काही नाही." सकाळची अर्धी मोजायची नसते, आणि कालची तर मावशींची होती.