टीव्हीवरच्या पोलिसांकडे पेन का नसतं?

माझे मामा सहायक फौजदार म्हणून रिटायर झाले. शिपाई म्हणून भरती, मग दंडावर तीन फिती म्हणजे हवालदार, आणि शेवटी शेवटी खांद्यावर एक स्टार. रस्त्यावर लोक ‘ओ मामा’ म्हणायचे, घरी आम्ही भाचरंही मामाच म्हणायचो. माणसाला दुसरं नावच उरलं नाही.

गणपतीत घरी आले होते. टीव्हीवर ‘सीआयडी’चा जुना भाग. दयाने दार तोडलं, मामा चहा पीत राहिले. मग कुणीतरी रुमालाने सुरा उचलून पिशवीत टाकला, तसा त्यांनी कप खाली ठेवला. “अरे, पंच कुठायत?” म्हणजे जप्तीला हजर असणारे साक्षीदार.

पुढचा तासभर मालिका आम्ही बघितलीच नाही, मामांना बघितलं.

“सीनियर इन्स्पेक्टर म्हणे! मुंबईत सीनियर पीआय म्हणजे अख्ख्या ठाण्याचा धनी. तो दारं तोडत फिरला तर बंदोबस्त कोण लावणार?” एसीपीच्या, म्हणजे सहायक पोलीस आयुक्ताच्या, हाताखाली तर अशी दोन-तीन ठाणी असतात. आणि मुळात मुंबईतला खून एक तर ठाणं बघतं, नाहीतर गुन्हे शाखा. राज्याच्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे. 1998 पासून आपण बघतोय ती सीआयडी म्हणजे खरी गुन्हे शाखाच.

तीन स्टारची गंमत मला त्या दिवशी कळली. आपण स्टार मोजतो, पोलीस स्टारखालची पट्टी बघतात. नुसती लाल पट्टी असेल तर एपीआय, म्हणजे सहायक निरीक्षक. लाल-निळी असेल तर पीआय, म्हणजे निरीक्षक. पट्टीच नसेल तर एसीपी, आणि जिल्ह्यात डीवायएसपी, म्हणजे उपअधीक्षक. त्या एका निळ्या रेघेसाठी माणसं वर्षानुवर्षं वाट बघतात. आणि आपल्या मालिकांचा कपडेपट? शिंप्याकडे उरलेली पट्टी लावून मोकळा. गावातल्या कथेत ‘कमिशनरसाहेबांचा फोन’ येतो तेव्हा तर मला हसू आवरत नाही. अहो, तिथं एसपी असतो, पोलीस अधीक्षक!

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे, आणि ती मामांमुळेच सुचली. मालिकेत कुणी लिहीत नाही. खऱ्या ठाण्यात लिहिण्यावाचून दुसरं काही चालत नाही. पोलिसांचे सगळे शब्दच कागदातून आलेत. मृतदेह सापडला आणि घातपात दिसत नसेल तर आधी ‘एडीआर’, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद. शेजाऱ्याने शिवी दिली तर ‘एनसी’, अदखलपात्र. गुन्हा दाखल झाला की ‘गुरनं’, गुन्हा रजिस्टर नंबर, आणि मग त्या प्रकरणाला ठाण्यात कुणी नावाने ओळखत नाही, नंबरानेच ओळखतात. साहेब तपास अधिकारी, पण त्यांचे जबाब, पंचनामे, डायरी लिहिणारा हवालदार म्हणजे ‘रायटर’. मामा अकरा वर्षं रायटर होते. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर अजून घट्टा आहे.

मालिका अटकेशी संपते. मामांच्या मते गोष्ट तिथं सुरू होते. चोवीस तासांत कोर्ट, मग ‘पीसीआर’ मिळाला की नाही याची धाकधूक, म्हणजे पोलीस कोठडी. ‘एमसीआर’, म्हणजे न्यायालयीन कोठडी, झाला की आरोपी जेलमध्ये, तेवढ्यापुरता तरी हातातून गेला. मग 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र, नाहीतर तो जामिनावर बाहेर. यात थरार नाही असं म्हणणाऱ्या लेखकाने एकदा एकोणनव्वदाव्या रात्री ठाण्यात बसून बघावं.

आता तर 1 जुलै 2024 पासून कायदेच बदलले. 302 गेलं, खून आता 103. झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रण करावं लागतं. मालिकांतले इन्स्पेक्टर मात्र अजून रुमालावरच. एवढा आयता मसाला समोर पडलाय आणि आपण अजून दारं तोडतोय.

निघताना मामा चपला घालत होते. टीव्हीवर एसीपी खुन्याला म्हणत होते, तुला फाशीच होणार.

“सही घेतली का रे त्याची, अटक पंचनाम्यावर?” मामांनी टीव्हीला विचारलं, आणि पिशवी उचलली.